सशाच्या बाटलीवर निळा ठिपका

लॅबमध्ये माझ्या पाठीमागे मला फौजदारीणबाई म्हणतात. हे मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतं हे त्यांना ठाऊक नाही. रंगाच्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला की मी तो कप, त्यातल्या चहासकट, बेसिनमध्ये ओतते. बाटलीचं झाकण कुणी उघडं टाकलं तर त्याला दिवसभर ऐकवते. एकतीस वर्षं हेच काम करतेय आणि या एकतीस वर्षांत माझ्या कामात कुणी खोट काढली नव्हती. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. गर्वाचं घर खाली असतं ही म्हण मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती.

आमचं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. ज्याचे स्नायू दुबळे होत चाललेत त्याच्या मांडीतून किंवा दंडातून शेंगदाण्याएवढा तुकडा काढतात आणि ओल्या जाळीच्या कापडात गुंडाळून आमच्याकडे पाठवतात. तो आम्ही इतक्या झटकन गोठवतो की आत बर्फाचे कण धरायला वेळच मिळू नये. कण धरले की तुकड्याची चाळण होते आणि त्या माणसाने उगाचच मांडी कापून घेतली असं होतं. मग थंड पेटीतल्या पात्यावर त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप घ्यायचे, काचेवर उचलायचे आणि रंगवायचे.

हा रंग भिंतीच्या रंगासारखा नसतो. स्नायूच्या प्रत्येक धाग्याभोवती एक पातळ आवरण असतं आणि त्यात ठरावीक प्रथिनं असतात. काही आजारांत त्यातलं एखादं प्रथिन जन्मापासूनच नसतं. ते आहे की नाही हे बघायला आम्ही दोन अँटिबॉडी वापरतो. पहिली त्या प्रथिनाला शोधून त्याला चिकटते, पण ती चमकत नाही. दुसरी पहिलीला चिकटते आणि ती चमकते. अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात प्रत्येक धाग्याभोवती हिरवी कडी दिसली की प्रथिन आहे. सगळं काळं, तर नाही. एवढ्यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं, म्हणून मी चहाचे कप ओतते.

आता त्या दिवसाचं सांगते. मार्चमधला सोमवार होता. त्याच्या आधी दोन दिवस सुट्टी होती आणि त्या सुट्टीत आमचा मोठा फ्रीजर बंद पडला होता. आतलं सगळं वितळलं. त्यात निरोगी स्नायूंचे आमचे जपून ठेवलेले तुकडेही गेले. हे निरोगी तुकडे म्हणजे आमची कसोटी. रोग्याचा काप आणि निरोगी काप एकाच काचेवर शेजारीशेजारी ठेवायचे, हा नियम मीच घालून दिलेला. निरोगी काप चमकला तर रंग नीट बसला, मग रोग्याच्या कापावर विश्वास ठेवायचा. आम्ही त्याला शेजारी म्हणायचो. त्या सोमवारी आमच्याकडे एकही शेजारी नव्हता.

आणि त्याच दिवशी एक चौतीस वर्षांच्या वायरमनचा तुकडा आला. त्याच्या न्यूरोच्या डॉक्टरांना दोन शंका होत्या. एक, जन्मजात आजार, ज्यात आवरणातलं एक प्रथिन नसतं आणि ज्याच्यावर औषध नाही. दुसरी, शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलंय, ज्याच्यावर औषध आहे. साध्या रंगात दोन्ही सारखेच दिसत होते, नुसते मरत चाललेले धागे. आणि अंदाजाने औषध सुरू करायचीही सोय नव्हती, कारण आजार जन्मजात असला तर ते औषध फायदा तर करत नाहीच, उलट अपाय करतं. निकाल फक्त चमकणाऱ्या रंगावर होता.

डॉक्टरीणबाई, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, म्हणाल्या, "शेजारी नाही, थांबायचं का?"

मी म्हटलं, "आवरणाची हजेरी घेऊ की. आवरण शाबूत आहे हे दिसलं म्हणजे झालं. मी करतेय ना."

मला चार वाजता निघायचं होतं. आमच्या ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधीच्या तपासण्यांना त्यांना घेऊन जायचं होतं. मी भराभर रंगवलं. आवरणाची हजेरी घेणारा, म्हणजे सगळ्यांच्याच आवरणात असणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाचा रंग झकास बसला, हिरव्यागार कड्या. आणि ज्या प्रथिनाची शंका होती तिथे मिट्ट काळोख. म्हणजे आवरण आहे, प्रथिन नाही. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, मान हलवली आणि रिपोर्ट लिहिला. मी चारला निघाले आणि रस्त्यात ह्यांना म्हटलं, "आज एका माणसाचं वाईट झालं." हे म्हणाले, "तुझ्यामुळे नाही ना?" मी म्हटलं, "माझ्यामुळे कसं होईल?"

अकरा दिवस गेले. रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसणारा कारकून त्या दिवशी रजेवर होता, म्हणून तिथे मी बसले होते. खरं तर मला तिथे बसायला आवडत नाही. आम्ही माणसाचा तुकडा बघतो, माणूस बघत नाही, आणि ते बरं असतं. बाकावरून एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उठला. उठताना त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले आणि स्वतःलाच वर ढकललं. खिडकीपाशी येऊन त्याने चिठ्ठी पुढे केली, तर उजवा हात वर न्यायला त्याला डाव्या हाताचा आधार द्यावा लागला. चिठ्ठीवरचा नंबर मी ओळखला.

"रिपोर्ट तर तुमच्या डॉक्टरांना केव्हाच पाठवलाय," मी म्हटलं.

"हो, त्यांनी सांगितलं मला. ऑफिसात कागद द्यायचाय. आता खांबावर चढता येत नाही, तर टेबलाचं काम देतात का बघायचं."

"किती दिवस झाले त्रास सुरू होऊन?"

"सात महिने. त्याच्या आधी दिवसाला वीस-वीस खांब चढायचो, ताई." त्याने हे बढाई म्हणून सांगितलं नाही. "धाकट्या भावाचीही तपासणी करायला सांगितलीय. घराण्यात असतं म्हणे. त्याचं लग्न ठरलंय. मी अजून त्याला काही बोललो नाही. बोलायला तोंड उघडतो आणि भलतंच काहीतरी विचारतो."

मी सहीचं रजिस्टर पुढे सरकवलं. खिडकी उंचावर आहे आणि रजिस्टर आतल्या फळीवर. सही कुठे करायची ते दिसावं म्हणून त्याने टाचा उचलल्या आणि चवड्यांवर उभा राहून आत डोकावला. सही करून खाली आला. मी त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"जरा परत करा," मी म्हटलं.

"सही?"

"सही नाही. टाचा उचला."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतात. पण माझा आवाज फौजदाराचा आहे, त्यामुळे त्याने टाचा उचलल्या. मी दहा वेळा उचलायला लावल्या. त्याने दहाही वेळा आरामात उचलल्या.

मी डॉक्टर नाही. पण एकतीस वर्षं मी डॉक्टरांचं बोलणं ऐकलंय आणि एवढं मला कळतं, की ज्यांच्यात हे प्रथिन नसतं त्यांची बहुतेकदा पोटरीच आधी जाते. चवड्यांवर उभं राहणं हे त्यांचं सर्वात आधी सुटतं. आणि तो आजार सात महिन्यांत माणसाला आडवा करत नाही, वर्षं घेतो. मी त्याला म्हटलं, "कागद आत्ता नेऊ नका. बसा तिकडे." तो बसला. का बसायचं ते त्याने विचारलं नाही. इतक्या दवाखान्यांत इतकं बसून झालं होतं, की आणखी एक बसणं त्याला जड नव्हतं.

मी आत गेले, कामाचं रजिस्टर काढलं, मग त्या प्रथिनाच्या पहिल्या अँटिबॉडीची बाटली काढली.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पहिली अँटिबॉडी कुणात तरी बनवलेली असते, उंदरात किंवा सशात. आणि दुसरी, चमकणारी, ही फार हट्टी असते. उंदरासाठी बनवलेली फक्त उंदराला ओळखते, सशासाठी बनवलेली फक्त सशाला. जोडी चुकली की प्रथिन असो वा नसो, काच काळी. म्हणून मी प्रत्येक बाटलीच्या झाकणावर ठिपका लावते, उंदराला निळा, सशाला लाल. ही पद्धतही माझीच. या प्रथिनाची बाटली अकरा वर्षं निळ्या ठिपक्याची होती.

या बाटलीवरही निळा ठिपका होता. माझ्याच हातचा. मी चष्मा पुसला आणि कंपनीची चिठ्ठी वाचली. कंपनीने जुनी बंद केली होती आणि ही नवी होती. मुंगीच्या पायासारख्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ससा.

हाताला सवय झाली की तो डोळ्यांना विचारत नाही. अकरा वर्षं निळा, म्हणून मी निळा चिकटवला होता, आणि निळा दिसला म्हणून उंदराची दुसरी वापरली होती. हजेरीचा रंग मात्र खरोखरच उंदराचा होता, म्हणून तो चमकला आणि त्याने आम्हा सगळ्यांची खात्री पटवली. शेजारी असता तर तोही काळा पडला असता आणि त्याच क्षणी चोर सापडला असता. शेजारी नको, मी आहे ना, असं म्हणणारी कोण होती? मी.

खोटं कशाला बोलू, एक विचार मनात आला. गुपचूप परत रंगवावं, निकाल बघावा, मग ठरवावं काय बोलायचं ते. तो विचार कितपत टिकला ते मला सांगता येणार नाही, पण मी बाटली हातात धरून डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी होते, तेव्हा तो माझ्यासोबत नव्हता.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. विद्यार्थिनी असताना काप घ्यायला माझ्याकडेच शिकल्या आणि माझी बोलणीही भरपूर खाल्ली. मी म्हटलं, "डॉक्टर, वायरमनचा रिपोर्ट माझ्यामुळे चुकला." आणि बाटली टेबलावर ठेवली.

त्यांनी चिठ्ठी वाचली, रजिस्टर वाचलं, परत चिठ्ठी वाचली. मी वाट बघत होते की आता मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "बाई, सही माझी आहे. शेजाऱ्याशिवाय सही करायला नको होती." आणि लगेच न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावला, रिपोर्ट मागे घेतोय म्हणून सांगितलं.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, "तुकडा किती उरलाय?"

"तुरीच्या डाळीएवढा. फार तर सात-आठ काप निघतील."

"आणि बाई, एक लक्षात ठेवा. रंग चुकला होता एवढंच आपल्याला कळलंय. तो बरा होणारा आहे हे अजून कळलेलं नाही."

हे मला समजत होतं. काच चुकून काळी पडली म्हणून माणूस बरा ठरत नाही. नीट रंगवूनही ती काळीच निघाली असती, तर मी त्या माणसाला चार दिवस आशेला लावून परत खड्ड्यात ढकललं असतं. बाहेर जाऊन मी त्याला एवढंच सांगितलं, की तपासणीत दोष राहिला होता, ती परत होणार, आणि तोवर भावाला काही सांगू नका. तो म्हणाला, "म्हणजे नसूही शकतं?" मी म्हटलं, "असूही शकतं, नसूही शकतं." त्याने मान डोलवली आणि गुडघ्यांवर हात दाबून उठला.

आता शेजारी कुठून आणायचा? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की निरोगी काप सोबत असल्याशिवाय त्या डाळीला पातं लावायचं नाही. दुसऱ्या लॅबकडून मागवायला आठवडा लागणार होता. आणि इथे एकेका आठवड्याला वायरमनचे धागे मरत होते. मेलेल्या धाग्याच्या जागी चरबी भरते, मग ते कुठल्याच औषधाला परत येत नाहीत. मी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात आमच्या ह्यांचा फोन आला. ऑपरेशन उद्या सकाळी नवाला, आज संध्याकाळीच दाखल करून घेताहेत, उपाशी राहायला सांगितलंय, आणि उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही का ते विचार.

मी म्हटलं, "तुम्ही मला एक तुकडा द्याल का?"

खुब्याच्या ऑपरेशनात स्नायूचे लहानसहान तुकडे निघतातच आणि टाकूनच देतात. हाडांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, डॉक्टरीणबाईंनी संमतीचा फॉर्म दिला. तो घेऊन मी संध्याकाळी दवाखान्यात गेले. हे चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झालेत. फॉर्म त्यांनी उपाशी माणसाच्या निवांतपणाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"तेहतीस वर्षं डोकं खाल्लंस," ते म्हणाले, "आता मांडीवर आलीस."

"सही करा."

"माझा स्नायू निरोगी आहे याला पुरावा काय? लग्नानंतर मला कुणी निरोगी म्हटलेलं नाही."

मी हसले नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि चष्मा काढला. मी त्यांना सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. रस्त्यातल्या त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. म्हटलं, "माझ्यामुळेच झालं होतं." त्यांनी सही करून कागद माझ्या हातात दिला आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी माझी नणंद. ती म्हणाली, "वहिनी, तू बायको म्हणून आलीयेस की लॅबकडून?" मी म्हटलं, "दोन्हीकडून." डॉक्टर बाहेर आले. मी आधी ह्यांची चौकशी केली आणि मग तुकडा घेऊन लॅबच्या शिपायाबरोबर पुढे धाडला. नणंद आजही सांगते की मी उलट केलं. आम्ही दोघी आपापल्या मतावर ठाम आहोत.

हे शुद्धीवर येऊन चहा मागेपर्यंत मी थांबले, मग लॅबमध्ये गेले. ह्यांचा तुकडा तिथे माझ्याआधीच गोठवून तयार होता. डॉक्टरीणबाईंनी स्वतः केलं होतं. थंड पेटीसमोर बसले आणि वायरमनची डाळ पात्यासमोर लावली. थोडं थांबले, हात चोळले, स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि चाक फिरवलं. पहिला काप दुमडला, वाया गेला. दुसरा सरळ आला. तिसरा, चौथा, पाचवा. एकूण सात मिळाले आणि त्यानंतर डाळ संपली. प्रत्येक काचेवर त्याच्या शेजारी आमच्या ह्यांचा काप बसवला.

रंगवताना मी बाटली हातात घ्यायचे, चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, आणि डॉक्टरीणबाई मागे म्हणायच्या. "ससा." "ससा." "दुसरी, सशाची." "सशाची." बाहेरून कुणी ऐकलं असतं तर बालवाडी भरलीय असं वाटलं असतं. ताक फुंकून प्यायचं ते हे असं.

दुपारी अंधाऱ्या खोलीत गेलो. मी सूक्ष्मदर्शकाशी बसले, डॉक्टरीणबाई जोडीच्या भिंगाशी. आधी ह्यांचा काप लावला. काळ्यावर हिरव्या कड्या, एकाला एक लागून, बंद आणि सुबक. रंग बसला होता. आता काच थोडीशी सरकवायची होती, बोटाच्या पेराहूनही कमी. मी सरकवली.

आधी काहीच नीट दिसलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "बाई, बघा."

हिरव्या कड्या होत्या. धागे लहानमोठे होते, काही मेलेले, काही सुजलेले, मधे रिकाम्या जागा, सगळी पडझड झालेली. पण जो धागा जिवंत होता त्याच्याभोवती कडी होती, पूर्ण, झळझळीत, आमच्या ह्यांच्या कड्यांच्या तोडीस तोड. प्रथिन होतं. त्या माणसाच्या अंगात ते जन्मापासून होतं, सात महिने होतं, आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं त्या दिवशीही होतं.

मी रडले. एकतीस वर्षांत त्या खोलीत माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं कुणी बघितलं नव्हतं, आणि अंधार असल्यामुळे त्या दिवशीही बघितलं नाही, पण आवाज लपला नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दुसरी काच," त्या शेवटी म्हणाल्या.

दुसऱ्या काचेवर उलटा हिशेब होता. हा रंग निरोगी स्नायूवर बसत नाही. शरीर जेव्हा आपल्याच स्नायूवर उलटतं तेव्हाच तो चमकतो. ह्यांचा काप काळा होता, तसाच हवा होता. वायरमनच्या कापावर धाग्यांच्या कडा पेटलेल्या होत्या, ठिकठिकाणी, स्पष्ट. दोन्ही शंकांचा निकाल लागला. जन्मजात नाही. शरीर उलटलंय. औषध आहे.

नवा रिपोर्ट त्याच दुपारी गेला. रक्ताच्या तपासणीनेही आठ दिवसांत तेच सांगितलं. औषध मात्र न्यूरोच्या डॉक्टरांनी रक्ताची वाट न बघता दुसऱ्या दिवशीच सुरू केलं होतं. वायरमनने लॅबमध्ये फोन केला. त्याने एकच विचारलं, "भावाला?" मी म्हटलं, "काही नाही त्याला. खुशाल बोहल्यावर चढू दे." फोनवर मागे एका बाईचं रडणं ऐकू आलं, आणि मग फोन बंद झाला.

लॅबमध्ये दोन नियम बदलले. शेजाऱ्याशिवाय काच नाही, मग आभाळ कोसळलं तरी. आणि बाटली दोघांनी वाचायची, माझीसुद्धा. विशेषतः माझी.

पण एक गोष्ट मला खात होती. नव्या रिपोर्टात डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, तांत्रिक चूक. ते खोटं नव्हतं. पण तांत्रिक म्हटलं की लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलं नव्हतं, मी बिघडले होते. त्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

पाच महिन्यांनी तो आपणहून आला. सकाळचे अकरा वाजले असतील. लॅब तिसऱ्या मजल्यावर, आणि मी लिफ्टचा आवाज ऐकला नव्हता. गोळ्यांमुळे चेहरा गोल झाला होता, श्वास थोडा लागला होता, पण चालणं सरळ होतं. म्हणाला, "ताई, त्या दिवशी टाचा का उचलायला लावल्या ते कळलंच नाही. ते विचारायला आलोय."

मी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. ससा, उंदीर, ठिपका, चार वाजताची घाई. काही गाळलं नाही आणि काही मऊही केलं नाही. म्हटलं, "अकरा दिवस तुम्ही जे भोगलंत ते माझ्या हातून. तक्रार करायची तर माझ्या नावाने करा, मी कागद देते."

त्याने शर्टाची बाही वर सारली.

"खांबावर आम्ही जोडीने काम करतो," तो म्हणाला. "माझा जोडीदार एकदा खाली लाईन बंद करायला विसरला. मी वर हात घातला आणि चिकटलो. तो तसाच वर चढला, लाकडी दांडा घातला आणि मला सोडवलं. हे बघा." मनगटावर जुना, पांढरा पडलेला डाग होता. "लाईन चालू ठेवली त्यानेच, आणि वर चढलाही तोच. तुम्हाला काय वाटतं, दुसऱ्या दिवशी मी जोडीदार बदलला असेल?"



मग मी त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं आणि त्याची काच लावून दिली. त्याने एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. म्हणाला, "हे माझं आहे?" मी म्हटलं, "डावीकडचं तुमचं. उजवीकडचं आमच्या ह्यांचं." तो म्हणाला, "साहेबांना नमस्कार सांगा." आणि परत भिंगाला डोळा लावला. मला वाटलं होतं दोन मिनिटांत उठेल. तो उठेना, तेव्हा मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन थांबले.

बाहेर आला तेव्हा डोळे पुसलेले होते. जिन्याकडे निघाला आणि मधेच थबकून वर बघू लागला. पॅसेजमधली ट्यूब लुकलुकत होती. आमची तक्रार जाऊन तीन आठवडे झाले होते.

"ही कधीपासून अशी आहे?" त्याने विचारलं, आणि आवाज एकदम कामावरच्या माणसाचा झाला. "स्टूल आहे का?"

मी म्हटलं, "अहो, राहू दे. आमचा माणूस येईल." पण तो बटण बंद करून स्टूल घेऊनही आला होता. मी खालून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्याला बोलायला लागले. पडाल, औषधं चालू आहेत, डॉक्टर मला काय म्हणतील, ऐकायचं म्हणून नाहीच का. त्याने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. पट्टी उघडली, ट्यूब काढून मला दिली, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि आतल्या वायरी एकेक करून तपासू लागला. डॉक्टरीणबाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बोलायची थांबले.

मी घड्याळ बघितलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. सहा मिनिटं झाली होती. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते आणि ते खाली घ्यायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.